वेड पांघरलेला किल्ला

म्हशीला वैरण टाकायची राहिली आणि आपल्याला काही ठाऊकच नाही असा चेहरा मी केला, की आजी म्हणायची, “वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस.” आमच्या मारुंजी गावात तेव्हा भातखाचरं होती. शेजारच्या हिंजवडीत काचेच्या इमारती उठायच्या होत्या. आजीनं पेडगाव पाहिलेलं नव्हतं आणि ते कुठे आहे हे तिला कुणी सांगितलेलंही नव्हतं. मलाही ते आटपाट नगरासारखं, फक्त बोलण्यातलं गाव वाटायचं.

पुढे एकदा घरातली सगळी अष्टविनायकाला निघालो. सिद्धटेकला जाताना गाडीच्या खिडकीतून एक पाटी दिसली आणि मी ओरडले, “आजी, पेडगाव!” तिनं डोळे किलकिले करून बाहेर पाहिलं आणि म्हणाली, “असेल दुसरं कुठलं तरी.” गाडी थांबली नाही. सिद्धटेकचं दर्शन छान झालं. त्या पाटीच्या पलीकडे, नदीच्या काठाला काय पडलंय, याची गाडीतल्या एकालाही कल्पना नव्हती.

तिथे एक किल्ला होता. ‘होता’ हे मी जाणूनबुजून लिहिते. तटाच्या ओळी अजून आहेत, काही कमानी आहेत, मंदिरं आहेत. पण किल्ला म्हणजे नुसता दगड नसतो. त्यात राहणारी माणसं, त्याच्यावर सोपवलेलं काम, त्याचा धाक, त्याला पाणी पोचवणारी व्यवस्था, हे सगळं मिळून किल्ला होतो. तो अर्थ घेतला तर पेडगावचा बहादूरगड केव्हाच गेला. त्याच्या जाण्याची नोंद कुणी केली नाही, त्याचं सुतक कुणी धरलं नाही. ज्या भाषेनं त्याच्या गावाचं नाव रोजच्या बोलण्यात जपलं, त्याच भाषेत त्याच्यासाठी चार शब्द लिहावेत, म्हणून हा लेख.

मला तिथवर नेलं ते पाण्यानं. आमच्या मारुंजीच्या टेकडीवर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून मुळेला नाही तर पवनेला मिळतो. पवना दापोडीला मुळेत येते. मुळा खडकीवरून पुण्यात उतरते आणि संगमावर तिला मुठा भेटते. मग मुळा-मुठा या जोडनावानं ती थेऊरच्या चिंतामणीला वळसा घालते आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेत विसर्जित होते. भीमा दौंडवरून पुढे जाते, आणि दौंडनंतर थोड्याच अंतरावर तिच्या डाव्या काठाला पेडगाव लागतं. एका रात्री नकाशावर ही रेघ बोटानं गिरवत गेले, आणि बोट थांबलं तिथे तेच नाव होतं. आमच्या पागोळ्यांचं पाणी शतकानुशतकं त्या तटाखालून जात होतं, आणि आम्हाला मात्र ते गाव खरं आहे हेही माहीत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात गेले. दौंडला भीमा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. आज ही हद्द सरकारी कागदावर असते आणि पुलावरून जाताना कुणाला जाणवत नाही. एके काळी ती दोन सत्तांची हद्द होती. १६३६ साली निजामशाही बुडाली आणि मोगल व विजापूरकर यांनी तिचा मुलूख वाटून घेतला, तेव्हा भीमा आणि नीरा यांच्यामधला पुण्याकडचा भाग आदिलशाहीकडे गेला आणि पलीकडचं अहमदनगर मोगलांकडे राहिलं. म्हणजे आमचा मावळपट्टा अलीकडे आणि पेडगाव पलीकडे. तेव्हापासून भीमा ओलांडणं या साध्या क्रियेला लढाईचा अर्थ आला. १६५७ मध्ये शिवरायांच्या माणसांनी, मिनाजी भोसले आणि काशी यांनी, भीमा ओलांडून चांभारगोंदे आणि राशीनचे मोगली परगणे लुटले. चांभारगोंदे म्हणजे आजचं श्रीगोंदा, पेडगावचा तालुका. नदीपलीकडचा शेजारी आता स्वस्थ बसणारा नाही, हे मोगलांना त्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

पेडगाव मात्र या सगळ्याच्या आधीचं. यादवकाळातली मंदिरं तिथे आजही आहेत: लक्ष्मीनारायण, मल्लिकार्जुन, रामेश्वर, बाळेश्वर आणि भैरवनाथ. त्यांत लक्ष्मीनारायणाचं मंदिर सगळ्यांत देखणं. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगा आहेत, आत कोरीव खांब आहेत. उन्हातून आत शिरलं की दगडाचा गारवा तळपायांना लागतो. सैन्य यायच्या आधी इथे एक सुखवस्तू, नदीकाठचं, देवळांचं गाव नांदत होतं, हे हातोड्याच्या त्या कामावरून समजतं. ओबडधोबड गरजेतून अशी कलाकुसर होत नाही. पोट भरलेलं असावं लागतं आणि उद्याची खात्री असावी लागते.

उद्याची खात्री गेली आणि किल्ला आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवरायांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि १६७० पासून ते परत घ्यायला सुरुवात केली. १६७२ मध्ये साल्हेरला मोगली फौज उघड्या मैदानात मोडली. दख्खनचा कारभार त्यानंतर बहादूरखान कोकलताशकडे आला. कोकलताश म्हणजे दूधभाऊ. ज्या दाईनं औरंगजेबाला अंगावर पाजलं, तिचा हा मुलगा. खानजहान बहादूर ही त्याची पदवी. सह्याद्रीच्या घाटवाटांत शिरून एकेक डोंगरी किल्ला घेत बसण्यापेक्षा मैदानात पक्कं ठाणं घालावं आणि तिथून वाटा राखाव्यात, असा त्याचा हिशेब होता. १६७२-७३ च्या सुमारास त्यानं पेडगावला छावणी केली, कोट बांधला आणि त्याला आपलं नाव दिलं. पुढची जवळपास चाळीस वर्षं हे मोगलांच्या दख्खनमधल्या मोठ्या ठाण्यांपैकी एक होतं.

पेडगावच का, हे त्या काठावर उभं राहिलं की उमगतं. पाठीशी अहमदनगर. समोर नदी आणि नदीपलीकडे सुपे-पुण्याचा मुलूख. डाव्या हाताला सोलापूरकडे जाणारी वाट. जमीन सपाट, घोड्यांना चरायला माळरान, तोफा ओढायला चढ नाही. आणि बारमाही पाणी. एक गोष्ट मला मारुंजीची असल्यामुळेच पटकन कळली. श्रीगोंद्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. तिथे आभाळ कोरडं असतं, शेतकरी ढगांकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि भीमा मात्र दुथडी भरून वाहत असते. कारण ती फुगते आमच्या पावसानं. भीमाशंकरला, मावळात, मुळशीत धारा लागल्या की काही काळानं पेडगावला पूर येतो. पावसाळ्याचे चार महिने ही नदी तटापुढच्या दुसऱ्या तटासारखी उभी राहायची. शत्रूच्या डोंगरावर पडणाऱ्या पावसाचा खंदक करून तो किल्ला बसला होता.

छावणी हा शब्द आज दुष्काळातल्या गुरांसाठी उरला आहे. तेव्हाची छावणी म्हणजे चालतंबोलतं शहर. सरदारांचे डेरे, त्यांभोवती कनाती, शिपायांच्या राहुट्या, पागा, पीलखाना, तोफखाना. लढणाऱ्या प्रत्येकामागे न लढणारी कितीतरी माणसं: नालबंद, लोहार, चांभार, शिंपी, हलवाई, सराफ, वैदू, हकीम, भिश्ती, झाडूवाले. या सगळ्यांना मराठी बखरींतून एकच शब्द येतो, बुणगे. धान्य आणायला वंजाऱ्यांचे तांडे, शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या लादलेले. एवढ्या जनावरांना कडबा लागायचा, गवत लागायचं. आसपासच्या गावांनी आपल्या हाताने कापलेलं पीक या छावणीच्या पोटात जाताना पाहिलं असणार. हद्दीवरच्या किल्ल्याशेजारी राहणं म्हणजे काय, हे त्या कुणब्याला कुणी विचारलं नाही. म्हणून मला किल्ल्यासाठी दोन शब्द लिहिताना त्या कुणब्याचीही आठवण ठेवावीशी वाटते.

आणि पाणी. या किल्ल्याची मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती त्याच्या पाण्यासाठी. नदीच्या काठावरून मोटेनं पाणी उपसायचं, ते उंचावर चढवायचं आणि तिथून नळांनी आतल्या महालांपर्यंत न्यायचं, अशी रचना इथे होती. तिचे उंच, मनोऱ्यासारखे अवशेष अजून ओळखू येतात. पाण्याला वर चढवून मग उताराने धावायला लावणं, हे शास्त्र दख्खनला अहमदनगर आणि औरंगाबादच्या खापरी नळांमुळे चांगलं ठाऊक होतं. पेडगावला ते सैन्यासाठी वापरलं गेलं. कुणी गवंड्यानं पातळी धरली, कुणी चुना मळला, कुणी दिवसभर जनावरं हाकली. त्यांच्या नावाचा एकही दगड तिथे नाही. किल्ला खानाच्या नावाचा झाला, पाणी चढवणारे बेनावच राहिले.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यानंतर महिना-दीड महिन्यातच, भर जुलैत, बहादूरगडाला त्याची जागा दाखवणारा दिवस उगवला. इतिहासकार सर जदुनाथ सरकारांनी हा प्रसंग नोंदवला आहे. २,००० मराठे घोडेस्वार छावणीच्या दिशेनं आले. बहादूरखान फौज घेऊन त्यांच्यावर धावला. ते पळू लागले, हा पाठलाग करत राहिला, आणि जवळपास पन्नास मैल लांब गेला. तेवढ्यात दुसऱ्या वाटेनं ७,००० मराठे मोकळ्या पडलेल्या छावणीवर तुटून पडले. एक कोट रुपयांची लूट आणि बादशहाला नजर करण्यासाठी राखलेले २०० उमदे घोडे घेऊन ते निघून गेले. जाताना तंबूंना आग लावली. खान परतला तेव्हा राख उरली होती.

पेडगावची माणसं सांगतात, की ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार इथूनच आला. पळणाऱ्यांनी भ्यायल्याचं सोंग घेतलं, वेड पांघरलं, आणि शहाणा ठरला तो मराठा. शब्दांच्या उगमाचे दाखले मागू नयेत, पण हा अर्थ त्या मातीवर चपखल बसतो हे खरं. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या बोलीत हा विजय असा मुरला, की तो विजय होता हेच आम्ही विसरलो. १९५२ साली राजा परांजप्यांनी ‘पेडगावचे शहाणे’ नावाचा चित्रपट काढला, तोवर पेडगाव हे गाव न राहता निव्वळ शब्द झालं होतं.

पंधरा वर्षांनी हाच किल्ला वेगळ्या कारणानं इतिहासात आला. ते लिहिताना आजही हात जड होतो. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश मुकर्रबखानाच्या हाती सापडले. औरंगजेबाची छावणी त्यानंतर बहादूरगडला आली. १५ फेब्रुवारीला कैद्यांना तिथे आणलं गेलं. त्यांना विदूषकाचे कपडे चढवले होते, डोक्यावर घुंगरं लावलेल्या उंच टोप्या होत्या, उंटांवर बसवलं होतं, पुढे ढोल आणि कर्णे वाजत होते. त्या धिंडीच्या दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी होती. ज्या छावणीला मराठ्यांनी १६७४ मध्ये वेड पांघरून फसवलं, तिनं आता मराठ्यांच्या छत्रपतीच्या अंगावर वेडाचा वेष बळजबरीनं चढवला.

तो वेष त्यांच्या मनाला शिवला नाही. खजिने कुठे आहेत, आपले कोणते सरदार तुम्हाला आतून सामील आहेत, हे त्यांना विचारलं गेलं आणि त्यांनी सांगितलं नाही. पुढचे हाल मी इथे एकेक करून लिहिणार नाही. मराठी घरात ते ठाऊक नाहीत असा कुणी नसेल. त्यांचे डोळे काढले गेले. छावणी तिथून भीमेच्या काठानं वर हलली आणि ११ मार्च १६८९ ला भीमा-इंद्रायणीच्या संगमावर, तुळापूरला, त्यांचा वध झाला.

नकाशावर ही वाट पाहिली तेव्हा मी बराच वेळ गप्प होते. बहादूरगडहून तुळापूर म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशा. राजाला नदीच्या विरुद्ध नेलं. नदीला मात्र एकच दिशा असते. तुळापूरच्या संगमावरचं पाणी, देहू-आळंदीहून आलेलं इंद्रायणीचं पाणी, पुढे त्याच बहादूरगडाच्या तटाखाली येतं. ज्या घाटावर ते घडलं, तिथून निघालेला प्रवाह जिथे ते सुरू झालं त्या जागेपाशी पोचतो. हे त्या काळातल्या पेडगावच्या कोळ्याला, परटाला, घाटावर पाणी भरणाऱ्या बाईला कुणी सांगितलं असेल का? मला वाटतं, त्यांना सांगायची गरज पडली नसेल. नदीकाठच्या लोकांना वरच्या गावची बातमी पाण्याबरोबर कळते.

त्यानंतर किल्ल्याच्या नशिबाला उतरती कळा लागली, आणि ती लढाईत नाही लागली. १६८९ नंतर हद्दच राहिली नाही. राजाराम महाराज जिंजीला गेले, मराठे एका मुलखातून दुसऱ्या मुलखात फिरत लढू लागले, आणि मोगल त्यांच्या मागे धावत राहिले. बादशहानं १६९५ ते १६९९ या काळात भीमेच्याच काठी, पण खूप खाली, मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला तळ दिला. माचणूरचा नदीकाठचा किल्ला त्या तळाची खूण आहे. १७०७ मध्ये अहमदनगरला औरंगजेब गेला. १७५९ मध्ये पेशव्यांच्या हाती अहमदनगर आलं आणि त्याच वर्षी पेडगावही. त्या दिवसापासून भीमेच्या दोन्ही काठांना एकच सत्ता होती. ज्या नदीवर पहारा द्यायला किल्ला बांधला, ती नदी आता घरातली ओसरी झाली. पहारेकऱ्याला करायला काम उरलं नाही.

हद्दीवरच्या किल्ल्याचं हेच दुखणं. तो जितकं आपलं काम चोख करतो किंवा जितका हरतो, तितकी हद्द पुढे नाही तर मागे सरकते, आणि तो मध्येच कुठेतरी उरतो. रोमन साम्राज्यानं ऱ्हाईन आणि डॅन्यूब नद्यांच्या काठानं अशीच ठाणी उभारली होती. हद्द गेल्यावरही त्यांतली काही जगली, कारण त्यांच्याभोवतीचे बाजार उठले नाहीत. व्हिएन्ना, बुडापेस्ट, माइन्झ ही शहरं अशा छावण्यांच्या पायावर उभी आहेत. आपल्याकडेही उदाहरणं आहेत. ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर आमच्या मुळेच्या काठी खडकीला इंग्रजांची छावणी बसली. १८६९ मध्ये तिथे दारूगोळ्याचा कारखाना आला आणि खडकी आजही लष्कराचं गाव आहे. घोडनदीच्या काठचं शिरूर हे इंग्रजांचं त्याआधीचं ठाणं. तिथलं लष्कर उठलं, पण पेठ टिकली. पेडगावचं लष्करही उठलं आणि त्याच्याबरोबर बाजारही उठला, कारण तो बाजार गावासाठी नव्हता, फौजेसाठी होता. उरलं ते आधीचंच गाव, आधीचीच देवळं आणि मधोमध एक भला मोठा रिकामा कोट.

रिकामा कोट कसा मरतो, हे कुठल्याही भुईकोटावर पाहता येतं. आधी लाकूड जातं. मग छत बसतं. मग चुन्याच्या भेगेत पिंपळ उगवतो आणि दगड सैल करतो. सैल झालेला दगड पावसाळ्यात खाली येतो. महाराष्ट्रात आपण किल्ला म्हटलं की मान वर करतो. सुट्टीच्या दिवशी आमच्या मारुंजीतून पहाटे दुचाक्या निघतात त्या लोहगडाकडे, तिकोन्याकडे, राजगडाकडे. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी वारशातले १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्याचा आनंद मलाही झाला. त्या बारांत डोंगर आहेत, समुद्र आहे. मैदानातल्या नदीकाठचा भुईकोट त्यात नाही. तिथे चढायचं काही नसतं, वरून दिसणारी दरी नसते, धाप लागत नाही, छायाचित्रात ढग येत नाहीत. भुईकोट माणसाच्या पायाखाली असतो, म्हणून तो नजरेत येत नाही.

आत शिरले तेव्हा पहिल्यांदा दिसली ती बाभूळ. तटापासून तटापर्यंत, महालांच्या जोत्यांवर, वाटांवर, सगळीकडे काटेरी, चिवट, झुबकेदार झाडं. आपली गावठी बाभूळ नव्हे. ही अमेरिका खंडातून आलेली, पाण्याशिवाय माजणारी, तोडली की दुप्पट फुटणारी जात. वाट दाखवायला आलेल्या गावातल्या मुलाला मी झाडाचं नाव विचारलं. तो म्हणाला, “वेडी बाभूळ.”

हे नाव मला आधी माहीत होतं. आमच्याकडेही ओढ्याकाठी ती आहे. पण त्या जागी ते ऐकताना अंगावर काटा आला. सबंध किल्ल्यानं वेड पांघरलं होतं. मराठ्यांनी पांघरलेलं वेड शहाणपणाचं होतं. संभाजी महाराजांवर लादलेलं वेड शत्रूच्या क्रूरपणाचं होतं. हे तिसरं वेड आमचं आहे. माहीत असून न कळल्यासारखं करण्याचं, आजी ज्याबद्दल मला रागवायची ते. आम्हाला पाठ्यपुस्तकातून बहादूरगड ठाऊक होता, वाक्प्रचारातून पेडगाव ठाऊक होतं, आणि दोन्ही एकच आहेत हे जोडायचं आम्ही टाळलं. सिद्धटेकला जाताना या गावावरून गेलेल्या गाड्यांची मोजदाद कोण करील?

शत्रूनं बांधलेल्या कोटाला श्रद्धांजली का वाहायची, असं मला घरच्याच एका वडीलधाऱ्यांनी विचारलं. त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता आणि माझं उत्तरही तसंच आहे. संभाजी महाराज ज्या दरबारात ताठ मानेनं उभे राहिले, तो दरबार शत्रूचा होता म्हणूनच त्या उभं राहण्याला मोल आहे. ती जागा गेली तर त्यांचा ताठपणा कशासमोर होता, हे पुढच्या पोरांना दाखवणार कसं? पन्नास मैल फसवून नेलेल्या खानाची फजिती सांगायची तर रिकामी राहिलेली छावणी कुठे होती, हे बोटानं दाखवता यायला हवं. शिवाय तट रचणारे हात बहुधा याच मुलखातले होते. मोट ओढणारा बैल याच मातीतला होता. कोट खानाचा असेल, कष्ट आपले होते.

अलीकडच्या काळात लोक या किल्ल्याला धर्मवीरगड म्हणतात. दुर्गप्रेमी मुलं सुट्टीच्या दिवशी येऊन बाभूळ तोडतात, दगड रचतात, वाटा मोकळ्या करतात. त्यांच्या हातांना आलेले फोड पाहिले की कुठल्याही भाषणापेक्षा जास्त समाधान होतं. नव्या नावामागची भावना माझीही आहे. मला एवढंच वाटतं, की जुनं नावही पुसू नये. बहादूरगड या नावात खानाचा गर्व आहे, धर्मवीरगड या नावात राजाचं बलिदान आहे, आणि पेडगाव या नावात दोघांच्याही आधीपासूनचं गाव आहे. तिन्ही नावं एका पाटीवर राहिली तर वाचणाऱ्याला सगळी कथा कळेल.

परतायच्या आधी नदीच्या अंगाला गेले. तट तिथे पाण्याकडे तोंड करून उभा आहे. ऊन कलतं होतं. पलीकडच्या काठावर उसाची शेतं, म्हणजे पुणे जिल्हा, म्हणजे आमची बाजू. खाली पाण्याच्या कडेला हिरवी जलपर्णी साचली होती आणि तिच्या मुळांशी फेस होता. मी ओळखलं तिला. हीच आमच्याकडे मुळेवर असते, दापोडीला असते, संगमपुलाखाली असते. आमच्या घरांचं, आमच्या कचेऱ्यांचं, दर महिन्याला वाढणाऱ्या आमच्या मजल्यांचं सांडपाणी उताराला लागून इथवर येतं. साडेतीन शतकांपूर्वी आमचा पाऊस या किल्ल्यापुढचा खंदक भरायचा. आता आम्ही त्याला हे पाठवतो. गेलेल्याच्या पायाशी शुद्ध पाणी ठेवण्याची आपली रीत आहे, आणि पाण्यानं बांधलेल्या नात्यातली मी, तेवढंही देऊ शकत नव्हते.

म्हणून ही श्रद्धांजली मला शब्दांवर संपवता येत नाही. वेडी बाभूळ तोडायला जाणाऱ्या मुलांबरोबर वर्षातले काही दिवस जायचं, असं मी ठरवलं आहे. मारुंजीच्या ओढ्यात सांडपाणी सोडायला जो कुणी नळ काढतो, त्याच्याबद्दल आपल्याला काही ठाऊकच नाही असा चेहरा यापुढे करायचा नाही, हेही. दोन्ही कामं एकाच नदीची आहेत. मोट चढवणाऱ्या त्या बेनाव माणसांचं माझ्यावरचं ऋण एवढ्यानं फिटणार नाही, पण फेडायला सुरुवात तरी होईल.

निघताना पिशवीतल्या बाटलीतलं घरून आणलेलं पाणी मी तटाच्या पायथ्याला ओतलं. दगड तापलेले होते, ते लगेच जिरलं. मनातल्या मनात आजीशी बोलले. आजी, ते दुसरं कुठलं नव्हतं. गाडीच्या खिडकीतून दिसलं ते तेच पेडगाव होतं.